आदरार्थी बहुवचन

तीर्थरूप आत्या यांच्या चरणी,

साष्टांग नमस्कार. इतर वेळी हे शब्द पत्रात शोभेपुरते असतात, या वेळी ते शब्दशः खरे आहेत. सध्या माझा बराचसा वेळ जमिनीवर पालथं पडून पलंगाखाली कोण आहे ते बघण्यात जातो, आणि हे पत्रही मी तसाच पडून लिहितो आहे. अक्षर तिरपं आलं असेल तर ते त्यामुळे.

तुमचा गुडघा कसा आहे? जिन्याला कठडा बसला का, की तुम्ही अजून सुतारालाच वळण लावता आहात? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत, की शब्दकोडं सकाळीच सुटतं आणि मग दुपार काही केल्या सरत नाही. ते वाचून वाईट वाटलं, आणि आता थोडा हेवाही वाटतो. तुम्ही कुणाच्याही घरी मुक्कामाला जात नाही, अगदी सख्ख्या भाच्याच्याही, हे मला ठाऊक आहे आणि मान्य आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या मजकुराचा भलता अर्थ निघायला नको. हे पत्र निव्वळ माहितीसाठी आहे.

तर माहिती अशी, की आमच्या घरात तीन मुलं आली आहेत. मी एक मागितलं होतं. ('मागितलं' हा शब्द मला पटत नाही, मूल म्हणजे काही दुकानातली वस्तू नव्हे, पण त्याऐवजी कुठला शब्द योग्य याचा विचार करत बसलो तर पत्र इथंच राहील.) त्या दिवशीच्या रोजनिशीच्या पानावर माझ्या हातून 'तीन.' एवढंच लिहिलं गेलं आहे. शेजारी शाईचा मोठा ठिपका आहे. पूर्णविराम देऊन झाल्यावर पेन तिथंच टेकून राहिलं असावं.

आम्ही दोघं गेल्या वर्षापासून प्रतिपालक व्हायच्या खटपटीत होतो, हे तुम्हाला कळवलं होतंच. शेजारी अजून त्याला दत्तक म्हणतात. मी जिन्यात भेटेल त्याला थांबवून फरक समजावतो, की ज्या मुलांना सांभाळायला त्यांच्या घरी काही काळ कुणी नसतं, त्यांना घरचं माणूस सावरेपर्यंत आपल्याकडे ठेवायचं, जीव लावायचा, आणि मग परत पाठवायचं. (हल्ली लोक मला बघून लिफ्टने जातात.) त्यासाठी प्रशिक्षणाचे वर्ग असतात. मी पहिल्या बाकावर बसायचो आणि शंका विचारायचो. मूल रडत असेल तर जवळ जावं की त्याच्या एकांताचा मान राखावा? आपण सांगितलेली गोष्ट त्याला आवडली नाही तर दुसरी सांगावी, की नावड असण्याचा त्याचा हक्क मान्य करून गप्प बसावं? शेवटच्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की मूल घरी आलं की तुम्ही फारसं काही करू नका, तुमच्या मिसेस बघतील.

आता घोटाळा कुठं झाला ते सांगतो, आणि आत्या, राग मानू नका, पण त्याचं मूळ तुमच्याकडे आहे. तुम्ही मुख्याध्यापिका असताना पहिलीतल्या मुलालाही अहो-जाहो करायचात. 'लहान आहे म्हणून माणूस अर्धं होत नाही,' असं तुम्ही म्हणायचात, आणि ते माझ्या मनात पक्कं बसलं आहे. त्यात माझी नोकरी ही अशी. पंख्याच्या, इस्त्रीच्या, मिक्सरच्या खोक्यातून जी माहितीपत्रकं येतात त्यांची भाषा तपासायची. दिवसभर 'कृपया पाते फिरत असताना बोट घालू नये' असं वाचून माणसाच्या तोंडात तसंच बसतं. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या मुलाचा उल्लेख मी पहिल्या दिवसापासून आदराने करत होतो.

बालकल्याण कार्यालयातून ज्या बाई आमचं काम बघतात (आम्ही त्यांना मॅडम म्हणतो), त्यांचा फोन आला. तुमच्याकडे यायचे आहेत, त्यांच्या आईला मोठ्या उपचारांसाठी लांबच्या रुग्णालयात ठेवलं आहे, घरी दुसरं कुणी नाही, गुरुवारी त्यांना घेऊन आले तर चालेल का, असं मॅडमनी विचारलं. 'त्यांना'! आत्या, मला भरून आलं. एका सरकारी कार्यालयात एका चिमुकल्या जिवाविषयी कुणीतरी इतक्या अदबीनं बोलतं, हे तुम्ही ऐकायला हवं होतं. मीही मग त्याच तोलानं बोललो. त्यांना दूध चालतं का, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, दूध घेतात, पण भांडतात. मी म्हटलं, मीही लहानपणी दुधाशी भांडायचो. मग मी विचारलं, त्यांना एक खोली पुरेल ना? त्यावर त्या म्हणाल्या, हो, त्यांना वेगळं झोपायची सवयच नाही. मी समजलो, सोबत लागते. त्याच संध्याकाळी जाऊन एक कापडी अस्वल घेऊन आलो.

अशा रीतीनं आम्ही एक पलंग, एक खुर्ची, एक टूथब्रश आणि एक अस्वल मांडून गुरुवारी दाराशी उभे राहिलो. घंटा वाजली. दारात मॅडम होत्या आणि त्यांच्यामागे उतरत्या उंचीची तीन मुलं, मोठ्या दोघांच्या पाठीवर दप्तरं. मला पहिल्यांदा वाटलं, मॅडमना शाळेच्या वाटेवरून यायचं असेल म्हणून आणखी दोघांना सोबत घेतलं. मी हळूच विचारलं, की यातलं आमच्याकडे कोण राहणार. हिनं माझ्या दंडाला चिमटा घेतला. (ही चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. समोरच्याला काय दिसत नाही, ते तिला लगेच दिसतं.) मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. तिघांना एकत्र घ्यायला कुणीच तयार नसताना तुम्ही किती सहज तयार झालात, म्हणून मी धावपळ करून तातडीची परवानगी काढली, असं त्या म्हणाल्या. मग त्यांचाही आवाज उतरला. "अहो, तुम्हीच तर सारखं 'त्यांना, त्यांना' म्हणत होतात."

मी आदरार्थी बहुवचन समजावून सांगायला लागलो. दारात उभ्यानं. हिनं दुसऱ्यांदा चिमटा घेतला.

मॅडमनी मग हळू आवाजात तोडगा सांगितला. मंगळवारी त्या पुन्हा येतील. आम्हाला झेपणार नसेल तर थोरली आमच्याकडे राहील, आणि धाकट्या दोघांची दोन ठिकाणी सोय बघावी लागेल. हळू आवाज वगैरे ठीक आहे, पण थोरली तिथंच खाली बसून धाकटीच्या बुटाची नाडी सोडवत होती. मी बघितलं, तिचा हात थांबला. मग तिनं सुटत आलेली नाडी पुन्हा बांधली, घट्ट, दुहेरी गाठ मारून.

ते बूट धाकटीनं त्या दिवशी काढले नाहीत. झोपतानाही नाही.

थोरली अकरा वर्षांची आहे, मधला सात आणि धाकटी चार. थोरली फार कमी बोलते, आणि बोलते तेव्हा 'मी' म्हणत नाही. 'आम्हाला पाणी हवंय.' मी तीन पेले भरतो, त्यातला एकच रिकामा होतो. 'आम्हाला हा स्वेटर टोचतो.' कुणाला, असं विचारलं की म्हणते, आम्हाला. व्याकरणाच्या दृष्टीनं मी चक्रावून गेलो. मी एकाला अनेक करत होतो आणि ती अनेकांना एक करत होती. पलंगावर तिघं आडवी झोपतात, पाय बाहेर लोंबतात, त्याखाली मी खुर्ची लावली आहे. (टूथब्रशची व्यवस्था हिनं केली. अस्वलाचा ताबा कुणाकडे असावा याचा निर्णय अजून झालेला नाही. सध्या ते तटस्थ भूमी म्हणून फ्रीजवर बसलं आहे.)

आता माझा प्रकार ऐका. पहिल्या जेवणाला मी अत्यंत मृदू आवाजात म्हटलं, "आपण थोडा भात घेणार का?" तिघांनीही चमचे खाली ठेवले. मला वाटलं, भूक नसेल. दुसऱ्या दिवशी मधल्याच्या हातून दुधाचा पेला आडवा झाला. मी आणखी मृदू झालो. म्हटलं, "काही हरकत नाही, आपण मुळीच वाईट वाटून घेऊ नये." त्यानं अंगातला सदरा काढून त्या सदऱ्यानं फरशी पुसली, आणि मी 'अहो, हे काय करता' म्हणेपर्यंत पलंगाखाली गेला. मी पालथा पडलो आणि आत तोंड घालून म्हणालो, की आपण बाहेर यावं अशी माझी नम्र विनंती आहे. तो भिंतीला आणखी चिकटला. मी जितका नम्र होत गेलो, तितका तो लांब सरकत गेला. शेवटी मी त्याला म्हटलं की आपली सवड झाली की यावं, मी इथंच आहे, आणि आतून बारीकसा रडण्याचा आवाज आला.

संध्याकाळी भांडी घासताना थोरलीनं हिला विचारलं, की काका आमच्यावर सारखे का चिडलेले असतात. मी शेजारच्या खोलीत होतो. आत्या, मी हातातली इस्त्री खाली ठेवली. (नशिबानं बंद होती.) मी? चिडलेला? मी तर मुंगीलाही 'बाजूला व्हा' म्हणतो. हिनंही तेच सांगितलं, की अगं, ते किती हळू बोलतात बघ.

थोरली म्हणाली, "हळूच बोलतात ना. तेच. आमच्याकडे कुणी 'आपण' म्हणालं, की मग काहीतरी फुटायचं."

हिनं हातातलं ताट पुसून ठेवलं. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "अहो शहाणे, ऐकलंत का?" आणि त्या क्षणी मला लख्ख समजलं. लग्न झाल्यापासून ही मला अरे-तुरे करते. 'अहो' फक्त डोकं फिरल्यावर. आमच्या घरात 'आलात का आपण?' या वाक्यापाठोपाठ आजवर एकदाही चांगली बातमी आलेली नाही, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. मी त्या मुलांशी एखादा माणूस वार करण्याआधी बोलतो तसा बोलत होतो, आणि वर स्वतःवर खूश होतो. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. मग लहानपणचं आठवलं. तुम्ही वर्गात 'आपण गृहपाठ आणला आहे का?' असं विचारलंत की माझ्या पोटात गोळा यायचा. तो आदराचा गोळा आहे असं मी आजवर समजत होतो. आता खात्री नाही.

तेव्हापासून मी 'तू' म्हणायचा सराव करतो आहे. वाटतं तितकं ते सोपं नाही. 'तू' म्हटलं की मला कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटतं. मी आरशासमोर सराव केला. वॉशिंग मशीनशी केला. ('तू थांब.' ते थांबलं नाही.) मुलांसमोर गेलो की जीभ अडखळते आणि 'तू... म्ही' असं काहीतरी बाहेर येतं. रविवारी दुपारी मी मनाचा हिय्या करून 'तू जेवलास का, तू जेवलास का' असं घोकत फेऱ्या मारत होतो, तेवढ्यात फोन वाजला. उचलला आणि म्हणालो, "तू जेवलास का?" पलीकडे आमचे संचालक होते. (निवृत्तीला आलेले, मला कामावर घेणारे, ज्यांच्या खोलीत मी अजून उभ्यानं बोलतो.) मग ते अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "नाही रे, अजून नाही." पुढं आम्ही कामाचं काहीच बोललो नाही. त्यांना कुणी विचारत नसावं. मला अजून कळलेलं नाही की मी मोठी चूक केली की उलट.

मंगळवारी मॅडम आल्या. मधला पलंगाखाली, धाकटी बुटांसह थोरलीच्या मांडीवर. मॅडमनी घर बघितलं, आडवा पलंग बघितला, पायांखालची खुर्ची बघितली. मग थोरलीला जवळ बसवून सरळ विचारलं, की तुला इथं राहायचंय का. ती म्हणाली, आम्हाला राहायचंय. मॅडम वाईट नाहीत, आत्या, त्यांचं काम त्या करत होत्या. त्यांनी तिला समजावलं, की तिघांचं बघू आपण, पण मी आत्ता फक्त तुझ्यापुरतं विचारते आहे.

थोरलीनं विचार केला. खरंच केला, मला तिच्या कपाळावर दिसत होता. मग म्हणाली, "माझ्यापुरतं मला येत नाही."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. ही उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिनं उगीचच नळ सोडला. मी तिथंच उभा होतो. दोघांना पाठवू असं मी कधी म्हटलं नव्हतं. पण ठेवू असंही म्हटलं नव्हतं. मनात दोन्ही बाजूंचे मुद्दे मांडत होतो, पलंग, पगार, माझी लायकी. ते सगळे मुद्दे त्या एका वाक्यानं फरशीवर सांडल्यासारखे झाले. मी म्हणालो, "तिघंही राहतील." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. त्यात एकही 'कृपया' नव्हतं.

त्यानंतर मॅडमनी एक अडचण काढली, आणि मी तिच्यावर काहीतरी उत्तर दिलं. त्याविषयी इथं लिहीत नाही, तुम्हाला उगीच काळजी. एकूण सगळं ठीक आहे. मला धक्का बसला आहे, तो रोज थोडा थोडा कमी होतो आणि सकाळी तीन जोड बूट दिसले की पुन्हा बसतो. तुमच्याकडून काहीही नको. गुडघ्याला जपा. सुताराला माझा नमस्कार सांगा, त्या बिचाऱ्याला कुणीतरी सांगायला हवा.

तुमचा आज्ञाधारक
भाचा

ता. क. अडचण अशी होती, की आम्ही दोघंही नोकरीला जातो, धाकटीला अजून शाळा नाही, आणि थोरली नि मधला शाळेतून जेवणाच्या वेळेला घरी येतात. एकासाठी शेजारच्या बाईंची सोय मान्य झाली होती. तीन मुलं असतील तर दुपारी घरचंच कुणीतरी मोठं माणूस हवं, नाहीतर परवानगी मिळत नाही. मॅडमनी विचारलं, असं कुणी आहे का. मी म्हणालो, "आत्या येणार आहेत." मॅडमनी माझ्याकडे संशयानं बघितलं आणि विचारलं, "येणार आहेत म्हणजे नक्की कितीजणी?" मी शपथेवर सांगितलं, एकच. त्या शनिवारपर्यंत वाट बघणार आहेत. आत्या, मी तुम्हाला न विचारता बोललो. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणालाही न विचारता काही बोललो आहे, आणि ते नेमकं तुमच्याबद्दल. आमच्या जिन्याला कठडा आहे. दोन्ही बाजूंनी.

ता. क. २. आलात तर एक विनंती, त्यांना अहो-जाहो करू नका. तुम्हाला जड जाईल, मला माहीत आहे. वॉशिंग मशीनवर सराव करता येतो. आणि शब्दकोडं आणू नका, दुपारी वेळ मिळणार नाही.

ता. क. ३. हे लिहीत असताना मधला पलंगाखालून कोपरापर्यंत बाहेर आला आहे. त्यानं विचारलं, "काका, तू कुणाला लिहितोयस?" तू म्हणाला. मी आधी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग सांगितलं, माझ्या आत्यांना. त्यावर पलंगावर बसलेल्या थोरलीनं विचारलं, की त्यांना तुम्ही काय म्हणता, तू की तुम्ही. मी म्हटलं, तुम्ही. लहानपणापासून.

तिनं धाकटीच्या बुटाची गाठ सोडवत (हो, सोडवते आहे, आत्ता, माझ्यासमोर) विचारलं, "मग त्यांच्यावर तुम्ही चिडलाय?"

आत्या, मी चिडलेलो नाही. तू ये ना गं.